आधी फोन कोणी ठेवायचा?

"आज माझा फोन कापलास ना, तर संध्याकाळी मी घरी नसेन. सांगून ठेवते," बायको म्हणाली. "भावाकडे जाऊन राहीन. आणि तिथून फोनसुद्धा करणार नाही."

कुलूपराव एक बूट पायात आणि दुसरा हातात अशा अवस्थेत थबकले. "मी कुठे कापतो? मीटिंगमध्ये असतो."

"मीटिंगमधला माणूस फोन निदान वाजू देतो. तू वाजूच देत नाहीस. एक रिंग झाली, दुसरी सुरू झाली की टक्! परवा त्या क्रेडिट कार्डवाल्या पोरीशी मात्र चांगला तासभर बोललास."

"ती ठेवतच नव्हती."

"मला तसं जमत नाही. मलाही काही मान आहे. म्हणून हल्ली दुसऱ्या रिंगला मीच ठेवून देते, तू कापायच्या आत. तेवढंच समाधान." तिनं दुकानाच्या किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. तिचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि ती स्वतः डोळे तपासून नंबर काढून देत असे. "हे बघ, आज दुकानात सुतार येणार आहे. आरशाचं कपाट बसवायचंय. भिंतीला एकदा भोकं पडली की पडली. डावीकडे लावायचं की उजवीकडे, हे विचारायला मी फोन करणार. उचलायचा."

"उचलतो."

"शपथ?"

"शपथ," असं म्हणून कुलूपरावांनी दुसरा बूट चढवला आणि ते घाईघाईनं बाहेर पडले.

कुलूपराव हे काही त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ऑफिसनं ठेवलं होतं आणि त्याला कारणं होती. एक तर ते स्वतःहून तोंड उघडत नसत. शिवाय प्रोग्राममध्ये कुठेही दोन कामं एकमेकांच्या पायात पाय घालू लागली की त्यांचा उपाय ठरलेला असे: "इथे एक लॉक टाकू." म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. बहुतेक वेळा तो लागूही पडे. त्यांची कंपनी ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होती, आणि तिचा जो भाग बाहेरच्या यंत्रांशी बोलतो, म्हणजे नेटवर्किंगचा, तो सगळा कुलूपरावांनी ऐन उमेदीत लिहिला होता. त्यातली ओळ न् ओळ त्यांना पाठ होती. लग्नाचा वाढदिवस पाठ नव्हता, पण तो विषय इथे नको.

गेले काही आठवडे या त्यांच्या लाडक्या भागात एक दोष शिरला होता. टेस्टचं मशीन चांगलं चालता चालता एकदम मुकं व्हायचं. हूं नाही की चूं नाही. बंद करून पुन्हा सुरू केलं की जसं काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागायचं. हा दोष कोणत्या जातीचा आहे हे कुलूपरावांना माहीत होतं. त्यांच्या धंद्यात त्याला रेस कंडिशन म्हणतात. टीमच्या प्रमुख असलेल्या मॅडमना त्यांनी ते असं समजावलं होतं: "असं समजा, की प्रत्येक फोनसाठी मशीन एक खोली भाड्यानं देतं. दोघांपैकी जो आधी फोन ठेवेल, तो किल्ली परत करून जातो. पण दोघांनी नेमका एकाच क्षणी ठेवला, तर दोघंही किल्ली परत करतात. मशीनला वाटतं, दोन खोल्या रिकाम्या झाल्या. ते दोन नवी बिऱ्हाडं धाडतं. खोली एक, बिऱ्हाडं दोन. मग मारामारी, आणि मशीन बंद."

"मग तो क्षण पकडा ना," मॅडम म्हणाल्या होत्या.

"पकडायला बसलं की येत नाही. मशीनला प्रत्येक पावलाची नोंद ठेवायला सांगितलं, की ते जरा हळू चालतं आणि तेवढ्यात क्षण हुकतो."

असे आठवडे गेले, आणि आज सकाळी कुलूपराव खुर्चीत टेकतात न टेकतात तोच मॅडम येऊन उभ्या राहिल्या. "संध्याकाळी वरचे साहेब येतायत. दोष सापडला आणि सुधारला, हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय. नाही दाखवलं, तर नेटवर्किंगचं सगळं काम वरच्या मजल्यावरच्या टीमकडे. आणि तुम्ही माहितीपुस्तिकेच्या खात्यात."

'यंत्र कोरड्या जागी ठेवावे' असली वाक्यं लिहिणारं ते खातं होतं. तिथे गेलेला माणूस पुन्हा प्रोग्राम लिहिताना कोणाला दिसला नव्हता.

आता या टीमची एक रीत सांगायला हवी. आपण लिहिलेलं आधी आपण वापरायचं, मग गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचं, असा तिथे दंडक होता. म्हणून प्रत्येकानं आपला फोन टेबलाखालच्या टेस्टच्या मशीनमधून जोडायचा. ऑफिस तळघरात होतं. तिथे फोनला सिग्नल औषधालाही मिळत नसे, त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक फोन त्या मशीनमधूनच आत येई. मशीन मुकं व्हायला लागल्यावर बाकीच्यांनी आपापले फोन गुपचूप दुसरीकडे जोडून घेतले होते. दंडक पाळणारे एकटे कुलूपराव उरले होते, कारण दंडक त्यांनीच काढला होता.

सकाळचा चहा होतो न होतो तोच त्यांचा फोन वाजला. पडद्यावर 'बायको' अशी अक्षरं उमटली. कुलूपरावांना शपथ आठवली. पण शपथ डोक्यानं घेतली होती, आणि फोन कापणारा अंगठा गेल्या कित्येक वर्षांत डोक्याला विचारत नव्हता. दुसरी रिंग सुरू झाली आणि टक्. टेबलाखालचं मशीन त्याच क्षणी गप्प झालं.

"पुन्हा बसलं!" चाचणीवाली ओरडली. दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधायचा पगार घेणारी ही मुलगी समोरच्याच टेबलावर बसत असे, आणि पगार नसता तरी तिनं ते काम आनंदानं केलं असतं. "कुलूपराव, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"हात हलला तुमचा. मी बघितलं."

"फोन कापला."

"कोणाचा?"

कुलूपरावांनी इकडेतिकडे पाहून घेतलं. "घरचा."

चाचणीवालीनं न विचारता फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. मशीन ज्या ज्या वेळी बंद पडलं त्या वेळा तिच्याकडे होत्या. त्या तिनं फोनवरच्या वेळांशी ताडून पाहायला सुरुवात केली आणि प्रत्येक जुळणीला तिचा आवाज चढत गेला. "काल दुपारी, वहिनी. परवा सकाळी, वहिनी. गेल्या आठवड्यात, वहिनी, वहिनी, परत वहिनी!" अख्खं ऑफिस खुर्च्या फिरवून बघायला लागलं. "पण तुम्ही आईचाही फोन कापता. बँकेचाही कापता. बहिणीचा तर कापताच कापता. तेव्हा मशीन का नाही बसत?"

"ते लोक रिंग वाजू देतात," कुलूपराव म्हणाले. "ही मात्र स्वतःच ठेवून देते. दुसऱ्या रिंगला. मी कापायच्या आत."

"किती आत?"

"आत म्हणजे..." एवढं बोलून कुलूपराव उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला. "आत नाही! त्याच वेळी! दोघांचा अंगठा एकदम पडतो. दोघंही किल्ली परत करतो!"

आठवडेच्या आठवडे ज्याच्या मागे डोळ्यांत तेल घालून बसले होते, तो क्षण दररोज त्यांच्या स्वतःच्या संसारात नेमानं घडत होता. चाचणीवालीनं टाळ्या पिटल्या. गलका ऐकून मॅडम आल्या आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हात चोळले. "फारच सोपं झालं की. वहिनी फोन करणार, तुम्ही कापणार, आणि दोष आपल्या हातात."

"मॅडम, फोन कापणार नाही अशी मी सकाळीच शपथ घेतलीये."

"आणि आत्ता कापलात तो?"

"तो चुकून. मुद्दाम कापला तर ती भावाकडे जाईल."

"मग विश्वासात घ्या तिला. शिकलेली बाई आहे, समजून घेईल."

आणि इथेच घोटाळा झाला, कारण तिनं खरंच समजून घेतलं. मॅडमनी रिसेप्शनवरच्या फोनवरून तिला सगळं सांगितलं, खोली आणि किल्लीसकट. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अय्या, एवढंच ना? त्याची नोकरी आहे म्हटल्यावर करते की! सुतार अजून यायचाच आहे."

मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी चाचणीवालीनं नोंद फक्त किल्ली परत करण्याच्या जागेपुरती ठेवली, म्हणजे मशीन हळू व्हायला नको. फोन वाजला. दुसऱ्या रिंगला कुलूपरावांनी कापला. मशीन मजेत चालू राहिलं. लगेच पुन्हा फोन. "झालं का रे? नीट झालं का? मी जरा थांबले, म्हटलं तुझं आधी होऊ दे."

"तू थांबायचं नाही. तू रोजच्यासारखी ठेव."

"बरं बरं. परत करते हं."

तिनं परत केला. मग आणखी एकदा केला. पण आता ती मनातल्या मनात मोजून फोन ठेवत होती, आणि इकडे कुलूपराव श्वास रोखून अंगठा धरून बसले होते. कधी तिचा आधी पडे, कधी यांचा. रोज न ठरवता जे बिनचूक घडत होतं, ते ठरवून केल्यावर एकदाही घडेना. वर प्रत्येक फोननंतर ती गोड आवाजात विचारी, "दमला नाहीस ना?" लग्न झाल्यापासून ती इतक्या प्रेमानं कधी बोलली नसावी. कुलूपरावांना ते बरं वाटत होतं आणि त्यांची नोकरी चालली होती.

"गोडवा काही कामाचा नाही," चाचणीवालीनं निदान केलं. "राग हवा. खरा राग. त्याशिवाय अंगठा तेवढ्या वेगानं पडत नाही."

"मग चिडवा तिला," मॅडम म्हणाल्या. "लागेल असं काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"स्वयंपाकाला नाव ठेवा."

"स्वयंपाक मी करतो."

मॅडम विचारात पडल्या. कुलूपरावांकडे पाहण्याची त्यांची नजर जराशी बदलली. "मग माहेरावर घसरा. तो भाऊ आहे ना, त्याच्यावर."

कुलूपरावांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. टीममधले सगळे भोवती गोळा झाले होते. "ऐक," कुलूपराव घसा खाकरून म्हणाले, "तुझा भाऊ आहे ना, तो जरा हा आहे."

"हा म्हणजे?"

"म्हणजे... मठ्ठ आहे."

"बाई गं! आज कळलं तुला?" ती खळखळून हसली. "लग्नाच्या आधीपासून सांगतेय मी. परवा त्यानं काय केलं माहितीये?" आणि तिनं भावाचे असे काही किस्से सांगितले, की आजूबाजूची मंडळीसुद्धा तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मॅडमनी कपाळाला हात लावला. वेळ चालली होती, आणि साहेब यायला फार अवकाश नव्हता.

"बरं, ते राहू दे," बायको म्हणाली आणि तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "सुतार आलाय. ड्रिल हातात घेऊन उभा आहे. उजवीकडे लावलं तर दिव्याचं बटण कपाटाच्या मागे जातंय असं मला वाटतं, आणि तो म्हणतो नाही जात. तू मागच्या महिन्यात माप घेतलं होतंस ना? सांग पटकन, डावीकडे की..."

त्या क्षणी मॅडमनी हवेत अंगठा दाबून दाखवला. चाचणीवालीनंही दाबून दाखवला. कुलूपरावांच्या तोंडात 'डावीकडे' हा शब्द तयार होता. पण अंगठ्याला एवढ्या लोकांचा आग्रह मोडवेना. टक्.

मग फोन वाजला. एक रिंग झाली. दुसरी सुरू झाली मात्र, आणि कुलूपरावांचा अंगठा सवयीनं खाली गेला. तिकडे दुकानात, सुताराच्या देखत अपमान झालेल्या बाईचा अंगठाही नेमका तेव्हाच खाली आला. टेबलाखालचं मशीन गप्प झालं.

"सापडला!" चाचणीवाली किंचाळली. पडद्यावर एकाच किल्लीच्या परतीच्या दोन नोंदी एकीला एक चिकटून उभ्या होत्या. मॅडमनी चाचणीवालीला मिठी मारली. कोणीतरी कुलूपरावांची पाठ इतक्या जोरात थोपटली की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी मशीन सुरू केलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे बायकोला फोन लावला. तिनं कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तर रिंग गेल्यासारखी वाटलीसुद्धा नाही.

थोड्या वेळानं तिचा मेसेज आला. कपाट उजवीकडे लागलं. बटण त्याच्या मागे गेलं. दुकानात अंधार आहे. मी भावाकडे निघाले.

कुलूपरावांना दोष सापडल्याचा आनंद होता, तो पार उतरला. आपला फोन कोणी तरी बघून, नाव वाचून, मुद्दाम कापतंय, हा अनुभव त्यांना नवा होता आणि तो त्यांना फार लागला. ही बाई वर्षानुवर्षं हे सोसत होती, आणि तरी रोज फोन करत होती. घरी रिकाम्या स्वयंपाकघरात आपण एकट्यानं भांडी लावतोय असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना भडभडून आलं. "आधी दुरुस्ती, मग रडा," मॅडम म्हणाल्या. म्हणून ते दुरुस्तीला बसले.

लॉक कुठे टाकायचं ते उघड होतं. पण त्या दिवशी त्यांचं मन इतकं हळवं झालं होतं की त्यांच्या हातून लॉकसुद्धा भलतंच नम्र लिहिलं गेलं. फोन ठेवण्याआधी प्रत्येक बाजूनं पलीकडे विचारायचं, तुम्ही ठेवताय का? ठेवत असाल तर तुमचं होऊ द्या, मी थांबतो. एवढं सौजन्य त्या कोडात याआधी कधीच नव्हतं. वाचून चाचणीवालीची भिवई जरा वर गेली, पण तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला आणि वरचे साहेब आत आले.

"चला, दाखवा," साहेब उभ्या उभ्याच म्हणाले.

"दाखवायला वहिनी लागतील," चाचणीवाली पुटपुटली. दुरुस्ती खरी की खोटी हे कळायला दोन अंगठे एकदम पडायला हवे होते. त्यातला एक भावाकडे निघाला होता. मॅडमनी हळूच रिसेप्शनवरून फोन लावून पाहिला, तोही कापला गेला. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. कुलूपरावांनी निमूटपणे टेबलाचा खण उघडला आणि आतल्या वस्तू बॅगेत भरायला घेतल्या. पुस्तिकेच्या खात्यात त्यांना टेबल तरी मिळेल की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात दार ढकलून बायको आत आली. केसांवर सिमेंटची भुकटी होती आणि खांद्याला कपड्यांची पिशवी होती.

"भावाकडेच निघाले होते," ती कोणाकडेही न बघता थेट कुलूपरावांना म्हणाली. "अर्ध्या वाटेत वाटलं, एकदा तोंडावर बोलून जावं. फोनवर तर ती सोय नाही. अरे, सुतार हसला मला! म्हणाला, ताई, साहेबांना विचारता कशाला, ते काय सांगणारेत. टॉर्च लावून गिऱ्हाइकांना चष्मे दाखवले मी आज!"

"कोणी गिऱ्हाईक आहेत का?" साहेबांनी मॅडमना हळूच विचारलं.

"एका अर्थी," मॅडम म्हणाल्या.

कुलूपराव बॅग तशीच टाकून पुढे आले. भोवती सगळं ऑफिस होतं, पण एरवी बंद असलेलं त्यांचं तोंड आज उघडलं. "माझं चुकलं. दुपारभर तू माझा फोन कापत होतीस ना, तेव्हा कळलं मला. इकडे नुसतं टक् होतं, पण तिकडे माणूस उभा असतो. डावीकडेच लावायचं होतं कपाट. माप माझ्या लक्षात होतं. उद्या सकाळी मी येतो आणि बटण दुसरीकडे काढून देतो."

"तू नको हात लावूस. वायरमन सांगितलाय मी." पण तिचा आवाज खाली आला होता. तिनं खांद्यावरची पिशवी खुर्चीवर ठेवली. "तुझं ते सापडलं का?"

"तुझ्यामुळेच सापडलं. आता फक्त एकदा फोन करायचा आणि दोघांनी एकदम कापायचा. नाहीतर हे काम जातं माझ्याकडून."

तिनं साहेबांकडे पाहिलं, अर्धवट भरलेल्या बॅगेकडे पाहिलं, आणि पर्समधून फोन काढला. चाचणीवालीनं तो लगेच ऑफिसच्या नेटवर्कला जोडून दिला. दोन हातांच्या अंतरावर उभं राहून तिनं नवऱ्याला फोन लावला. एक रिंग झाली. दुसरी झाली. तिसरीही झाली. कुलूपरावांनी अंगठा मागे घेतला आणि फोन उचलून कानाला लावला.

"हॅलो."

"अरे, कापायचा होता ना?"

"नाही कापवत."

"कुलूपराव, कापा!" चाचणीवाली दात ओठ खात म्हणाली.

"तू ठेव," कुलूपराव फोनमध्ये म्हणाले.

"छे, तू ठेव. तुझं काम आहे."

"तू आधी."

"नाही हं, आज तू."

"इथे रोज असंच टेस्टिंग चालतं?" साहेबांनी विचारलं.

मॅडमचा संयम सुटला. "दोघंही ठेवा! मी मोजते. एक, दोन, तीन!"

दोन अंगठे एकदम पडले. सगळ्यांचे डोळे टेबलाखाली गेले. मशीनचा दिवा चालू होता, पंखा फिरत होता. बंद पडायचं नावच नाही! ऑफिसात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि साहेबसुद्धा हसले. फक्त चाचणीवाली हसली नाही. ती दोन्ही फोनकडे टक लावून बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "फोन कुठे बंद झालेत?"

"अगंबाई!" बायको म्हणाली, आणि ते 'अगंबाई' कुलूपरावांच्या हातातल्या फोनमधूनही ऐकू आलं. दोघांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. फोन काही केल्या ठेवला जाईना. पडद्यावर तर दुसरं काहीच नव्हतं. तुम्ही ठेवताय का? मग मी थांबतो. तुम्ही ठेवताय का? मग मी थांबतो.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही बाजू एकमेकींना आधी तुम्ही, आधी तुम्ही म्हणतायत," कुलूपराव ओशाळून म्हणाले.

"किती वेळ म्हणतील?"

"वीज जाईपर्यंत."

साहेबांचं हसू मावळलं. "म्हणजे दोष आहेच."

"तो गेला, साहेब. हा नवा आहे, माझ्या हातून आत्ताच झालेला. पण हा लपणारा नाही, हाक मारली की येतो. आणि उपायही एका ओळीचा आहे. दोघं एकदम ठेवायला निघाले, तर माघार कोणी घ्यायची, हे आधीच ठरवून टाकायचं. कायमचं. एक तर फोन करणाऱ्यानं, नाहीतर घेणाऱ्यानं."

"मग ठरवा आणि मोकळे व्हा."

कुलूपराव की-बोर्डवर बोटं ठेवून थांबले. मशीनला दोन्ही सारखंच होतं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी चाचणीवालीकडे पाहिलं.

"आपल्यात फोन कोण करतं?" बायकोनं विचारलं.

"तू."

"आणि घेतं कोण?"

"मी."

"मग त्यात एवढं विचार करण्यासारखं काय आहे?"

कुलूपरावांनी ओळ लिहिली. फोन घेणाऱ्यानं थांबायचं, करणारा ठेवेल तेव्हा ठेवायचं. मग नवराबायकोनं समोरासमोर उभं राहून फोन केले आणि कापले, हळू कापले, रागानं कापले, हसत कापले. मशीन ठणठणीत राहिलं. नेटवर्किंगचं काम तळघरातच राहील, असं साहेबांनी जाहीर केलं, आणि पुढच्या आवृत्तीबरोबर हा नियम कंपनीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाईल असंही सांगितलं. बायको पिशवी घेऊन घरी गेली. कुलूपरावांनी बॅगेतल्या वस्तू पुन्हा खणात लावल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी या यशाबद्दल मीटिंग बोलावली. सगळे टेबलाभोवती बसले, साहेब बोलायला उभे राहिले आणि कुलूपरावांचा फोन वाजला. पहिली रिंग पुरती व्हायच्या आत त्यांनी तो उचलला. "बोल."

"काही नाही रे, वायरमन येऊन गेला, तेवढंच सांगायचं होतं. अरे, एक मिनिट हं, गिऱ्हाईक आलंय. स्पीकरवर टाकून ठेवते." फोन काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला. मग दुकानातली बोलणी ऐकू यायला लागली. कोणी बाई फ्रेम निवडत होत्या.

साहेब थांबले. कुलूपरावांनी दिलगिरीनं फोनकडे बोट दाखवलं.

"ठेवा की," मॅडम कुजबुजल्या.

"तिनं केलाय, मॅडम. आपलाच नियम आहे."

नियम साहेबांनी स्वतः मंजूर केला होता, आणि पुढच्या आवृत्तीत गेलाही होता. फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मध्यावर ठेवण्यात आला, आणि सगळी मीटिंग वहिनी गिऱ्हाइकातून कधी मोकळ्या होतात याची वाट बघत बसली. पण गिऱ्हाईक चिकट होतं. हे चौकोनी बरं की ते गोल? चौकोनी घातलं की गाल दिसतात, आणि गोल घातलं की वय दिसतं. मग परत चौकोनी. मग आरसा. मग परत गोल. चाचणीवालीनं मान हलवून चौकोनीला पसंती दिली. मॅडमना गोल पटत होतं. शेवटी उभे राहून राहून पाय भरून आलेले साहेब खुर्ची पुढे ओढून बसले आणि फोनवर वाकून म्हणाले, "अहो, गोल घ्या. वय काय, सगळ्यांचंच दिसतं."

मग ते गिऱ्हाईक म्हणालं, "गोलच द्या," आणि थोड्या वेळानं बायकोनं फोन ठेवला.